'हेमाडपंती' म्हणण्यापूर्वी : पळसदेव, बारामती आणि साहित्याची भाषा

१/
उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरू लागले, की भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यान, जुन्या पळसदेव गावाच्या जागी, पळसनाथाच्या मंदिराचे शिखर हळूहळू उंच होत जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणातील उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यातही खोल उतरले, तेव्हा सारे मंदिर उघडे पडले. आधी होडीतून आणि मग पायी लोक तेथे पोहोचले. छायाचित्रे सर्वत्र पसरली, आणि बहुतेक छायाचित्रांखाली एकच शब्द होता : हेमाडपंती.

२/
हा थ्रेड त्या शब्दाविषयी आहे, आणि त्याच्यासारख्या आणखी एका शब्दाविषयी : 'फ्रेस्को'. दोन्ही शब्द इतिहासप्रेमींच्या लेखनात इतके सहज येतात, की त्यांच्यामागे काय आहे हे पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रश्न केवळ शुद्ध-अशुद्ध परिभाषेचा असता, तर तो पंडितांवर सोपवता आला असता. परंतु वास्तू कशाची बनली आहे हे जो शब्द झाकून टाकतो, तो ती वास्तू कशाने मरते आहे हेही झाकतो. पळसदेव येथे नेमके तेच घडत आहे.

३/
प्रथम हेमाडपंत. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव आणि त्यानंतर रामचंद्र या दोन राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याने कारभार पाहिला. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. मोडी लिपी त्याने आणली, बाजरी त्याने आणली, देवळे त्याने बांधली, अशी श्रेये लोकपरंपरेने त्याच्याकडे दिली. महाराष्ट्राला एखादा कर्तबगार कारभारी आवडला, की सारी जुनी कामे त्याच्या खाती जमा होतात!

४/
कालगणना मात्र या श्रेयाच्या आड येते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. ते मंदिर शिलाहारांचे. हेमाद्री कारभारावर येण्याच्या दोनशे वर्षे आधी ते उभे होते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिरही सर्वसाधारणपणे बाराव्या शतकातील मानले जाते. महाराष्ट्रातील ज्या देवळांकडे बोट दाखवून 'हेमाडपंती' म्हटले जाते, त्यांतील अत्यंत देखणी देवळे हेमाडपंताच्या जन्माआधीची आहेत.

५/
मग हा शब्द टिकला कसा? कारण लोक त्याने वेगळीच गोष्ट ओळखत होते. गावकऱ्याच्या तोंडी 'हेमाडपंती' म्हणजे चुना न वापरता, घडीव दगडावर घडीव दगड बसवून केलेली बांधणी. चिऱ्यांना खाचा पाडायच्या, एका दगडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचे, आणि बाकी सारे वजनावर सोडायचे. सुतार लाकडात जे करतो तेच येथे पाथरवट काळ्या दगडात करतो. वरच्या थराचा भार खालच्या थराला जागेवर धरून ठेवतो.

ही तंत्राची ओळख आहे आणि ती अचूक आहे. ब्रिटिश काळातील सर्वेक्षकांनी लोकांच्या तोंडचा हा शब्द उचलून आपल्या याद्यांत लिहिला. तेथे तंत्राचा शब्द हळूहळू शैलीचा झाला आणि शैलीवरून काळाचा झाला. आज तो 'जुने दगडी देऊळ' एवढ्याच अर्थाने उरला आहे.

६/
तंत्र, शैली, काळ आणि साहित्य या चार निराळ्या गोष्टी आहेत. चित्र आणि शिल्प यांच्या अभ्यासाची पहिली पायरी हीच. 'तैलचित्र' हा शब्द साहित्य सांगतो, 'व्यक्तिचित्र' विषय सांगतो, 'मराठा चित्रशैली' परंपरा सांगते. तैलरंगात काढलेले व्यक्तिचित्र कोणत्याही शतकातले असू शकते. हे चित्राबाबत सर्वांना पटते. देवळाबाबत मात्र चारही गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात.

७/
शेजारच्याच पुरंदर तालुक्यातील भुलेश्वर पाहावे. आतला मूळ गाभा यादवकालीन, काळ्या बेसाल्टचा, शिल्पांनी खच्चून भरलेला. वरचे शिखर आणि कठडे मराठा काळातील, विटांचे आणि चुन्याचे. एकाच देवळात दोन काळ, दोन साहित्ये, दोन कारागिरांच्या जाती. फलकावर मात्र एकच शब्द. जो फक्त तो शब्द वाचून परततो त्याला त्या देवळाचा निम्मा इतिहास, म्हणजे ते पुन्हा का आणि कोणी उभे केले हा भाग, दिसतच नाही.

८/
आता पळसदेवकडे. येथील शिखर भूमिज पद्धतीचे आहे. भूमी म्हणजे मजला. या पद्धतीत शिखराच्या चारही बाजूंवर मध्यभागी पायथ्यापासून वर जाणारा एक उभा पट्टा असतो. त्याला लता म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक, आडव्या ओळींत रचलेल्या असतात. एक ओळ म्हणजे एक भूमी. वर जाताना प्रतिकृतींचा आकार लहान होत जातो आणि डोळा आपोआप वर खेचला जातो.

माळव्यातील परमारांच्या राज्यात ही पद्धत बहरली. उदयादित्याने अकराव्या शतकात बांधलेले उदयपूरचे उदयेश्वर मंदिर हे तिचे सर्वांत सुडौल उदाहरण. भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज प्रासादांचा स्वतंत्र विचार आहे. अंबरनाथ आणि सिन्नर हे त्याच कुळातले. तेव्हा पळसदेवच्या शिखराचे नाते सांगायचेच असेल, तर ते एका मंत्र्याशी सांगण्यापेक्षा माळवा ते भीमाखोरे असा प्रवास केलेल्या एका रचनेशी सांगावे. ते अधिक खरे आहे आणि अधिक रंजकही.

९/
परंतु पळसदेवची खरी गोष्ट आकारात नसून साहित्यात आहे. खालचा भाग दगडाचा. शिखर विटांचे आणि चुन्याचे. म्हणजे ज्या शिखराच्या छायाचित्राखाली 'हेमाडपंती' लिहिले जाते, ते लोकांच्या मूळ अर्थानेसुद्धा हेमाडपंती नाही. त्यात चुना आहे! किंबहुना, चुनाच त्याला उभे धरून आहे.

१०/
चुना म्हणजे काय हे येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा मुद्दा त्यावर आहे.

चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो उकळल्यासारखा खदखदतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दळला जाई. विटांची पूड घातली तर ओलाव्याला अधिक टिकणारा चुना तयार होई. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, ताग असे पदार्थ मिसळण्याची रीत होती. तसा तयार झालेला चुना भिंतीत गेला की हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेऊ लागतो आणि पुन्हा चुनखडीच्याच रूपात घट्ट होतो. भट्टीत दगडाचे पीठ झाले आणि भिंतीत पिठाचा दगड झाला.

हे घट्ट होणे दिवसांचे नसते. जाड भिंतीत ते कित्येक वर्षे चालू राहते.

११/
या चुन्याचेच बारीक रूप म्हणजे चुनेगच्ची. विटेवर चुन्याचा लेप देऊन, तो ओला असताना त्याला आकार द्यायचा. कमळाच्या पाकळ्या, कीर्तिमुखे, महिरपी, पोपट, द्वारपाल. दगडात शिल्पकार नको असलेला भाग काढून टाकतो. चुनेगच्चीत कारागीर हवा असलेला भाग चढवत जातो. कोरणे आणि घडवणे या शिल्पकलेच्या दोन मूळ क्रिया आहेत, आणि मराठी बोलीत दोन्हींना 'नक्षीकाम' म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. फरक महत्त्वाचा आहे. कोरलेल्या दगडाचा तुकडा उडाला तर मूळ पुन्हा येत नाही. चढवलेला लेप गळाला तर त्याच साहित्यात, त्याच रीतीने दुरुस्त करता येतो. कारण दुरुस्ती हा त्या तंत्राचाच भाग होता.

१२/
आता पाणी. काळा बेसाल्ट घट्ट असतो आणि फारसे पाणी पीत नाही. भाजलेली वीट सच्छिद्र असते, ती पाणी ओढून घेते. सुकताना ते पाणी आत विरघळलेले क्षार पृष्ठभागाजवळ सोडते. क्षारांचे स्फटिक वाढतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. दुसरीकडे पाणी चुन्याला थोडे थोडे विरघळवत राहते आणि दरजा पोकळ होतात. कायम पाण्याखाली असलेली भिंत एका अर्थाने स्थिर असते. सर्वाधिक मार बसतो तो पाण्याची रेषा जेथे वर-खाली होते तेथे. ओले, कोरडे, पुन्हा ओले, आणि वर लाटांचा मारा.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून दरवर्षी ही रेषा पळसदेवच्या दगड-विटांवरून चढते आणि उतरते. गाव उठून वर सोलापूर रस्त्याकडे वसले. देऊळ मात्र खालीच राहिले.

१३/
'हेमाडपंती' हा शब्द येथे प्रत्यक्ष हानी करतो. तो ऐकणाऱ्याच्या मनात बिनचुन्याची, दगडावर दगड ठेवलेली, पाण्याला न जुमानणारी वास्तू उभी करतो. 'इतकी वर्षे पाण्यात असूनही जशीच्या तशी' हे वाक्य दर उन्हाळ्यात लिहिले जाते. त्या वाक्यात कौतुक आहे, आणि काही करण्याची गरज नसल्याचा दिलासाही आहे. दगडी भागाबाबत ते बरेचसे खरे ठरेल. शिखराबाबत तो दिलासा फसवा आहे. विटेचे काम दरवर्षी थोडे थोडे कमी होते, आणि एकाच उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ते कळत नाही.

१४/
धरण आणि देऊळ यांची ही गाठ फक्त इंदापूरची नाही. इजिप्तमध्ये नाईलवर आस्वानचे पहिले धरण १९०२ साली पूर्ण झाले आणि फिले बेटावरची मंदिरे वर्षातील बराच काळ पाण्यात जाऊ लागली. दगड टिकला, पण त्यावरचे रंग धुऊन गेले. जुन्या प्रवाशांनी ज्या रंगांची वर्णने लिहिली ते रंग आज तेथे पाहायला मिळत नाहीत. पुढे मोठे धरण झाल्यावर युनेस्कोच्या पुढाकाराने ही मंदिरे दगड दगड सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचली गेली आणि १९८० मध्ये पाहणाऱ्यांसाठी खुली झाली. त्याच वर्षी इकडे उजनी पूर्ण झाले. योगायोगच, पण बोचणारा.

१५/
भारतातही उदाहरण आहे. श्रीशैल प्रकल्पामुळे कृष्णा-तुंगभद्रा संगमावरचे कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर बुडणार होते. चालुक्यकाळचे ते दगडी मंदिर सुटे करून आलंपूरला नेऊन उभारले गेले.

हे शक्य झाले ते तंत्रामुळे. घडीव दगडाच्या मंदिराचा प्रत्येक चिरा सुटा असतो. त्याला क्रमांक देता येतो, त्याची जागा नकाशावर लिहिता येते, तो उचलता येतो. खऱ्या 'हेमाडपंती' बांधणीचे देऊळ हे एका अर्थी उलगडता येणारे देऊळ आहे. विटा-चुन्याचे शिखर तसे उलगडत नाही. चुन्याने सारे एकजीव केलेले असते, आणि सोडवायला गेले की हातात मुरूम येतो. पळसदेवचा दगडी भाग हलवता येईल का आणि शिखराचे काय करायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही वेगळी असणार. एका शब्दाने दोन्ही झाकले, तर प्रश्न विचारलाच जात नाही.

१६/
येथे एक आक्षेप रास्त आहे. 'हेमाडपंती' हा लोकांचा शब्द आहे, पिढ्यांचा आहे, आणि तो पुसायला निघालेले लोक बहुधा शहरातले असतात. इंदापूरच्या एखाद्या आजोबांनी देवळाकडे हात करून 'हेमाडपंती हाय' म्हटले, तर त्यांची चूक काढणारा तरुण हास्यास्पदच ठरेल. आजोबांच्या मनात बांधणी असते, तारीख नसते. हा शब्द लोकस्मृतीत राहावा. वस्तुसंग्रहालयाची पाटी, शासकीय नोंद आणि इतिहासाचा थ्रेड लिहिणाऱ्याने मात्र त्याच्या आड लपू नये. लोकांनी शब्द तंत्रासाठी वापरला. लिहिणाऱ्यांनी तो आळसासाठी वापरला.

१७/
इंदापुरातून बारामतीला यावे. कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा. नाईक हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरे. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई याच घराण्यात दिली होती. कवी मोरोपंत पन्हाळ्याहून येऊन याच घराण्याच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि १७९४ मध्ये तेथेच वारले.

अठराव्या शतकातील वाड्याची रचना वाचण्यासाठीही साहित्याचीच भाषा लागते. खाली दगडी जोते, वर विटांचे काम, आणि या साऱ्याचा भार पेलणारा लाकडाचा सांगाडा. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. वाडा किती खणी, यावर त्याचा तोल ठरे. माथ्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि त्यांना जोडणाऱ्या महिरपी. हे शब्द आजही अनेक घरांत बोलले जातात. तरीही वाड्यांवरील लेखनात 'राजेशाही वास्तुशैली' असे काहीतरी लिहून वेळ मारून नेली जाते.

१८/
वाड्यांच्या भिंतींवर चित्रे असत. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात आणि चांदवडच्या रंगमहालात ती आजही पाहता येतात. आणि येथे दुसरा सैल शब्द भेटतो : फ्रेस्को.

फ्रेस्को हे एक विशिष्ट तंत्र आहे. चुन्याचा गिलावा ओला असताना त्यावर पाण्यात कालवलेले रंग लावायचे. गिलावा वर सांगितल्याप्रमाणे हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंगाचे कण त्या कवचात कैद होतात. रंग भिंतीवर राहत नाही, भिंतीचा होतो. चित्रकाराला घाई असते. एका दिवसात जितका भाग रंगवून होईल तितकाच गिलावा तो सकाळी लावतो. दुरुस्ती करायची तर गिलावा खरवडावा लागतो. राजस्थानात शेखावाटीच्या हवेल्यांवर ओल्या चुन्यावर रंगकाम करण्याची अशी परंपरा आहे.

१९/
महाराष्ट्रातील बहुतेक वाडाचित्रे अशी नाहीत. तेथे चितारी कोरड्या भिंतीवर काम करी. गेरू, काजळी, नीळ, हिंगूळ, हरताळ हे रंग, आणि ते भिंतीला चिकटावेत म्हणून डिंक किंवा सरस. चिकट माध्यमात रंग कालवण्याच्या या तंत्राला टेम्परा म्हणतात. मराठी विश्वकोशाने दोन्हींना स्वतंत्र शब्द दिले आहेत : फ्रेस्कोला भित्तिलेपचित्रण, टेम्पराला चिक्कणरंगचित्रण. शब्द जड आहेत हे खरे, पण चित्र भिंतीच्या लेपात आहे की चिकटवलेले आहे, हा नेमका फरक ते उच्चारातच सांगतात.

२०/
हा घोटाळा जुना आहे आणि त्यात मोठी माणसे अडकली आहेत. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर, वर पातळ पांढरा थर देऊन, तो सुकल्यानंतर काढलेली आहेत. ती फ्रेस्को नाहीत. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या बाईंनी १९०९ ते १९११ या काळात साहाय्यकांसह त्यांच्या प्रतिकृती केल्या. १९१५ मध्ये त्या छापल्या गेल्या, आणि पुस्तकाचे नाव ठेवले गेले 'अजंता फ्रेस्कोज'. या त्याच बाई, ज्यांनी चेन्नीनो चेन्नीनीचा मध्ययुगीन तंत्रग्रंथ १८९९ मध्ये इंग्रजीत आणला आणि इंग्लंडमध्ये टेम्पराच्या पुनरुज्जीवनासाठी चित्रकारांची संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला! टेम्परा ज्यांना हाताने ठाऊक होता, त्यांच्या पुस्तकावरही 'फ्रेस्को'च बसला. इतका तो शब्द बलवान.

२१/
त्याच अजिंठ्यात १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटलेले पापुद्रे त्यांनी चिकटवले, हे काम मोलाचे होते. परंतु चित्रांवर लाखेचे वॉर्निशही चढवले गेले. काही काळाने ते पिवळसर-तपकिरी पडले आणि मूळ रंग त्याखाली दबले. पुढच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांची वर्षे ते काढण्यात गेली. कोणत्या माध्यमावर कोणता थर द्यायचा हा निर्णय किती काळ भोवतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात नाही.

वाड्यात हाच प्रश्न साध्या रूपात येतो. भिंतीवरचे चित्र फ्रेस्को समजून कोणी ओल्या फडक्याने पुसले, तर डिंकातला रंग फडक्यावर येतो.

२२/
जाता जाता हरताळाविषयी. हे आर्सेनिकचे पिवळे खनिज. चितारी त्याचा पिवळा करीत, आणि पोथी लिहिणारे त्याने चुकलेली अक्षरे झाकून टाकत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथून आला. मोरोपंतांच्या काळचा बारामतीचा लेखनिक बोरू, काजळाची शाई आणि हरताळाची डबी घेऊन बसत असेल, असे मानायला हरकत नाही. तंत्र गेले, वाक्प्रचार उरला. भाषा अनेकदा असे साहित्य सांभाळून ठेवते.

२३/
या दोन तालुक्यांतील गावांच्या वेशींवर, देवळांच्या आवारात, कधी शेताच्या बांधावर वीरगळ भेटतात. वीरगळ म्हणजे उठाव शिल्प : मागची पाटी दगडात तशीच ठेवून आकृती पुढे काढलेल्या. साधारणतः खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य. हा उठाव बऱ्याचदा उथळ असतो, बोटाच्या पेराएवढाही नसतो. त्यातील तलवारीची मूठ, ढालीचा आकार, घोड्याचे खोगीर या तपशिलांवर अभ्यासकाचे सारे निष्कर्ष उभे असतात.

आणि नेमका हा उथळ तपशील ऑइल पेंटने भरला जातो. शेंदूर हा श्रद्धेचा भाग आहे, त्याविषयी बोलताना जपून बोलावे. पण 'जीर्णोद्धार' म्हणून मारलेला चंदेरी किंवा निळा रंग श्रद्धेचा भाग नाही. तो काढण्यासाठी मग यंत्राने वाळूचा मारा केला जातो, आणि रंगाबरोबर टाकीच्या खुणाही जातात. दगडावर छिन्नी कशी चालली, कोणत्या दिशेने चालली, हे सांगणारा एकमेव पुरावा त्या खुणा असतात. रंगाने झाकले ते परत मिळू शकले असते. वाळूने घासले ते गेले.

२४/
जुन्या विटांवर सिमेंट थापणे हा याच जातीचा उत्साह. चुन्याची भिंत ओलावा घेते आणि सोडते. सिमेंट तो आत कोंडते. बाहेर पडायला वाट नसलेले पाणी मग विटेतून वाट काढते, आणि सिमेंटचा पोपडा पडतो तेव्हा विटेचा चेहरा घेऊनच पडतो. पळसदेवच्या शिखरासाठी कोणी निधी मिळवलाच आणि त्यातून सिमेंटच्या गोण्या आल्या, तर पाण्याने जे चार दशकांत झाले नाही ते काही वर्षांत होईल. निधीच्या अर्जात वास्तूचे वर्णन 'हेमाडपंती दगडी मंदिर' असे असेल, तर ही शक्यता वाढते. 'भूमिज पद्धतीचे विटा-चुन्याचे शिखर, खाली दगडी मंदिर' असे असेल, तर अंदाजपत्रकात चुना निदान दिसेल तरी.

२५/
हे शब्द नव्याने घडवण्याची गरज नाही, ही त्यातली समाधानाची बाजू. चुना भाजणारे लोणारी, दगड फोडणारे वडार, घडवणारे पाथरवट, थर लावणारे गवंडी, कडीपाट बसवणारे सुतार : प्रत्येकाकडे त्याच्या कामाचे शब्द होते आणि काहींकडे अजून आहेत. इतिहासाच्या मराठी लेखनाने राजांच्या वंशावळी या लोकांच्या शब्दांपेक्षा फार अधिक काळजीने जपल्या. बारामतीच्या वाड्यासमोर उभा राहणारा तरुण नाईकांची वंशावळ घडाघडा सांगतो आणि डोक्यावरच्या लाकडी छताला 'सीलिंग' म्हणतो.

२६/
उजनीचे पाणी पुढच्या खेपेला खाली जाईल तेव्हा छायाचित्रांबरोबर काही साध्या नोंदी घेता येतील. विटेची लांबी, रुंदी, जाडी, निदान दहा वेगवेगळ्या विटांची. दोन विटांमधील दरजेची जाडी. चुनेगच्ची कोणत्या बाजूला शिल्लक आहे आणि कोणत्या भूमीपर्यंत. दगडी भागात सांध्यांत चुना दिसतो की नाही. पाण्याने सोडलेल्या आडव्या रेषा कोणत्या उंचीवर आहेत. शिखराच्या चारही बाजूंचे, दरवर्षी एकाच जागेवरून काढलेले छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून. यासाठी परवानगी, यंत्र किंवा पदवी लागत नाही. हात लावायचा नाही, खरवडायचे नाही, विटेचा तुकडा खिशात घालायचा नाही. यंदाचे आणि पुढच्या वर्षीचे छायाचित्र शेजारी ठेवले, की किती विटा गेल्या ते मोजता येते.

काम पहाटे करावे, उन्हाची तिरपी तिरीप उठाव स्पष्ट दाखवते. आणि जूनच्या आत उरकावे.